शाहू छत्रपती : हुकूम आणि त्याचा पाठपुरावा

अनियंत्रित सत्ता हाती असलेल्या पुरुषाला हुकूम काढणे फारसे कठीण नसते. कठीण असते ते काढलेल्या हुकुमाच्या मागे वर्षानुवर्षे उभे राहणे. इतिहासात सुधारणेचे जाहीरनामे काढणारे राजे पुष्कळ झाले. पण तो जाहीरनामा कारकुनाच्या दप्तरापर्यंत, मास्तरांच्या हजेरीपटापर्यंत आणि पाटलाच्या चावडीपर्यंत पोचला की नाही, हे डोळ्यांत तेल घालून पाहणारे राजे मोजकेच. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती हे त्या मोजक्यांपैकी एक. त्यांच्या नावाने आज चौक आहेत, पुतळे आहेत, शासकीय योजना आहेत. तथापि त्यांच्या राज्यकारभाराचे हे मर्म मात्र हारतुऱ्यांच्या ढिगाखाली झाकले गेले आहे.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतराव या नावाने त्यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या गादीला त्या काळी दुर्दैवाने घेरले होते. चौथे शिवाजी महाराज इंग्रजांच्या देखरेखीखाली अहमदनगरच्या किल्ल्यात असतानाच १८८३ च्या डिसेंबरात निवर्तले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी दहा वर्षांच्याही आतल्या यशवंतरावांना दत्तक घेतले आणि त्यांचे नाव शाहू ठेवले. राजकोट येथील राजकुमारांचे विद्यालय आणि पुढे धारवाड येथे फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची शिकवण, अशा रीतीने त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली.

राज्यारोहणाच्या वेळी दरबारचे चित्र काय होते? सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. यात कोणा एका व्यक्तीचे कारस्थान होते असे म्हणता येणार नाही. ज्या समाजाकडे पिढ्यानुपिढ्या अक्षरज्ञान होते, त्याच्याकडे दप्तर गेले, इतकाच त्याचा अर्थ. परंतु ज्या राज्यातील बहुसंख्य प्रजा शेतकरी, बलुतेदार आणि अस्पृश्य आहे, त्या राज्याचे दप्तर एकाच वर्गाच्या हाती असावे, ही स्थिती तरुण राजाच्या मनाला बोचू लागली. त्यातच १८९९ साली वेदोक्ताचे प्रकरण उद्भवले. पंचगंगेवरील स्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले जातात, कारण पुरोहिताच्या लेखी आपण शूद्र आहोत, हे महाराजांना कळून आले. तो वाद वर्षानुवर्षे धुमसत राहिला. १९०२ साली राजोपाध्यांचे वतन जप्त झाले. लोकमान्य टिळकांसारखा लोकनायकही या वादात महाराजांच्या विरुद्ध बाजूस उभा राहिला. प्रत्यक्ष छत्रपतीची जर ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल, हा विचार येथून पुढे त्यांच्या साऱ्या कारकिर्दीचा कणा झाला.

सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज विलायतेत असतानाच २६ जुलै १९०२ चा तो प्रसिद्ध हुकूम निघाला. रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, असे त्यात फर्मावले होते. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अन्य पुढारलेले वर्ग वगळता बाकीचे सारे मागासलेले, अशी त्याची व्याख्या होती. हा आकडा आज सर्वांच्या तोंडी आहे. १९०२ साली तो मागासलेल्यांचे प्रमाण जेथवर वाढवत न्यायचे ती पायरी होता. १९९२ च्या इंद्रा साहनी खटल्यानंतर तो आरक्षणाची कमाल मर्यादा म्हणून चर्चिला जातो. परंतु त्याच हुकुमातील दुसरी एक आज्ञा क्वचितच कोणाला आठवते. हुकुमानंतर केलेल्या प्रत्येक नेमणुकीचा तिमाही तक्ता खातेप्रमुखांनी सादर करावा, असे त्यात बजावले होते. ज्यांनी कचेरीत उमर घालवली आहे त्यांना या एका ओळीचे मोल सांगावयास नको. तक्ता मागितला नाही की उत्तमातला उत्तम हुकूम फायलीत निजतो. महाराजांनी तो निजू दिला नाही.

जागा राखून ठेवल्या तरी त्या भरण्याजोगे शिकलेले तरुण कोठून आणावयाचे, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर महाराजांनी वसतिगृहांतून दिले. १९०१ साली मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहे निघाली, १९०६ साली मुसलमानांचे, १९०८ साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातला पोरगा शहरात राहू शकला तरच तो शिकेल, हे साधे व्यावहारिक सत्य त्यामागे होते. जातवार वसतिगृहांनी जातिभेद पोसला, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. तथापि ज्या काळी एका पंगतीत बसणे अशक्य होते, त्या काळी सर्वांचे एकच वसतिगृह काढले असते तर ते ओस पडले असते, हेही तितकेच खरे. जेथे पाऊल पुढे टाकता आले तेथे महाराजांनी ते टाकलेच. १९१९ साली अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला.

प्राथमिक शिक्षणाची सक्ती हे तर त्यांच्या राज्याचे सर्वांत मोठे कार्य. ना. गोखले यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळाने १९१२ साली फेटाळले होते. हिंदुस्थान सरकारला जे झेपले नाही ते बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ साली करून दाखविले होते. कोल्हापुरात शाहूंनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. गरिबाला रुपया म्हणजे काय हे महाराज जाणत नव्हते असे नाही. पण पोर गुरांमागे धाडण्यातला तोटा आईबापांना आज दिसत नाही, तो राज्याने त्यांना दाखवून दिला पाहिजे, अशी ही भूमिका होती.

या ठिकाणी बाहेरच्या जगातील दोन उदाहरणे ध्यानात घेण्याजोगी आहेत. अफगाणिस्तानच्या अमानुल्लाने पोशाखापासून शिक्षणापर्यंत सारे वरून बदलावयाचा घाट घातला आणि १९२९ साली त्याला तख्त सोडून पळावे लागले. सौदी अरबस्थानच्या फैजल यांनी मुलींच्या शाळा उघडल्या, तेव्हा १९६३ साली बुरैदा येथे लोक खवळले. फैजल यांनी शाळा उघडी ठेवली, पण मुलगी पाठवावयाची की नाही हे पालकांवर सोपविले. एकाने घाई केली, दुसऱ्याने वाट पाहिली. शाहूंनी वसतिगृहांच्या रूपाने पंधरा-सोळा वर्षे जमीन नांगरली आणि मग सक्तीचे बी पेरले.

१९१८ साली कुलकर्णी वतने आणि महार वतने रद्द झाली. काही जमातींवर लादलेली पोलिसी हजेरीची पद्धत त्याच सुमारास संपली. १९१७ साली विधवाविवाहाला आणि पुढच्याच वर्षी आंतरजातीय विवाहाला कायद्याचा आधार मिळाला. पण अस्पृश्यता केवळ कायद्याने जात नाही, हे जाणून महाराजांनी स्वतःचा देहच कामी लावला. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे या आपल्या नोकराला त्यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान थाटून दिले आणि भर रस्त्यावर गाडी थांबवून तेथला चहा ते पिऊ लागले. बरोबरच्या दरबारी मंडळींनाही तो घ्यावा लागे.

इचलकरंजीकरांना तर माणगावची परिषद आपल्या अंगणातली वाटावी. आपल्याच हातकणंगले तालुक्यातील या गावी २१ आणि २२ मार्च १९२० रोजी अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर. तेथे येऊन छत्रपतींनी त्या समाजाला सांगितले की तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे. दुसऱ्याचा कैवार घेणारा राजा आपली जागा त्याच्यातल्याच एकाला मोकळी करून देतो, असा प्रसंग राजेशाहीच्या इतिहासात विरळाच. आंबेडकरांच्या मूकनायक पत्रासही महाराजांचे अर्थसाहाय्य लाभले होते.

या चरित्राची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही. महाराज इंग्रजी सार्वभौम सत्तेच्या छत्राखाली राज्य करीत होते, पहिल्या महायुद्धात त्यांनी सैन्यभरतीला मदत केली आणि जहाल राजकारणाशी त्यांचे कधी जुळले नाही. परक्यांची गुलामी आधी जावी की स्वकीयांची, हा त्या पिढीपुढचा खरा पेच होता. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर राष्ट्रीय पक्षाला पटण्यासारखे नव्हते. मात्र ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नाही त्याला स्वराज्य या शब्दाचा अर्थ कसा कळावा, हा त्यांचा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही मिटला नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. अठ्ठावीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी आरंभिलेले राधानगरीचे धरण तेव्हा अपुरेच होते. ते १९५७ साली पुरे झाले. त्याचे पाणी भोगावतीतून पंचगंगेत उतरते आणि आपल्या गावावरून पुढे जाते. राजा गेला, १९४९ साली संस्थानही विलीन झाले, पण काम थांबले नाही.

आज आरक्षणाच्या प्रत्येक वादात दोन्ही पक्ष शाहूंचे नाव घेतात आणि पन्नासच्या आकड्याभोवती झुंजतात. तो वाद न्यायालये आणि विधिमंडळे सोडवतील. आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, कारकून आहेत, उद्या त्या खुर्च्यांवर बसणारे विद्यार्थी आहेत, त्यांच्यासाठी त्या हुकुमाची दुसरी आज्ञा अधिक मोलाची आहे. पटावर नाव असून वर्गात नसलेले मूल कोठे गेले, मंजूर झालेली शिष्यवृत्ती हातात पडली की नाही, याचा तक्ता मागणारा छत्रपती आता नाही. लोकशाहीत तो तक्ता मागण्याचे काम प्रजेकडे आले आहे, आणि तो प्रामाणिकपणे भरण्याचे आपल्याकडे.