फोर्डाइस स्पॉट्स: ज्यांच्या नावाने हे दाणे ओळखले जातात, ते डॉक्टर कोण होते?

लिंगावर किंवा अंडकोषाच्या कातडीवर बारीक पिवळसर-पांढरे दाणे दिसले की अनेक पुरुषांची झोप उडते. गुप्तरोग तर नाही ना? लाजेपोटी कुणाला विचारताही येत नाही. गंमत म्हणजे, या निरुपद्रवी दाण्यांना नाव मिळालंय ते गुप्तरोगांच्याच एका जाणकाराचं.

जॉन अ‍ॅडिसन फोर्डाइस यांचा जन्म १८५८ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. डॉक्टर झाल्यावर ते त्वचारोगांच्या शिक्षणासाठी युरोपला गेले. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी त्वचारोग आणि उपदंश, म्हणजे सिफिलिस, हे विषय शिकवले. पेनिसिलिन यायला अजून अवकाश होता, त्यामुळे उपदंशाची दहशत मोठी होती.

१८९६ साली त्यांनी ओठांवरच्या आणि तोंडाच्या आतल्या अशा दाण्यांचं वर्णन केलं. त्याच वर्षी अंडकोषावर येणाऱ्या लाल-जांभळ्या पुटकुळ्यांबद्दलही लिहिलं. त्याही सहसा निरुपद्रवीच असतात. १९२५ मध्ये फोर्डाइस यांचं निधन झालं, नाव मात्र टिकलं.

आज आपल्याला माहीत आहे की हे पिवळसर दाणे म्हणजे केसाशिवायच्या तेलग्रंथी. ते संसर्गाने होत नाहीत, जोडीदारालाही लागत नाहीत. उपचारांची गरज नसते. केवळ दिसण्यासाठी लेझर करता येतं, पण व्रण राहू शकतो. ते फोडू मात्र नका.

दाणे दुखत असतील, वाढत असतील, जखम किंवा स्राव असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांच्यासाठी ही रोजचीच गोष्ट आहे.