चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर

आटपाट नगराच्या कहाण्या आपल्यापैकी पुष्कळांनी श्रावण महिन्यात आजीच्या, नाहीतर शेजारच्या एखाद्या वृद्ध बाईच्या तोंडून ऐकल्या असतील. कहाणी ही ऐकावयाची वस्तू. तिच्यातील राजा, राणी आणि नागोबा ज्याने त्याने आपल्या मनात रंगवावयाचे. या कहाण्यांना १९१४ साली चित्रे लाभली, तीही लंडनच्या मॅकमिलन कंपनीने काढलेल्या एका इंग्रजी पुस्तकात. ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे त्याचे नाव. सी. ए. किंकेड या सनदी अधिकाऱ्याने मराठी कहाण्यांची भाषांतरे करून ते पुस्तक आपल्या लहान मुलास अर्पण केले. चित्रे काढली होती मुंबईच्या एका चित्रकला-शिक्षकाने. त्यांचे नाव महादेव विश्वनाथ धुरंधर.

त्यांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापुरात पाठारे प्रभू घराण्यात झाला. शालेय शिक्षण तेथील राजाराम हायस्कुलात झाल्यावर जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पनवेलहून लोकलने मुंबईस जाणाऱ्यांना शेवटच्या स्थानकावर उतरून थोडे चालले की ही संस्था दिसते. त्या वेळी तेथे जॉन ग्रिफिथ्स हे प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून करवून घेणारे ते हेच. त्यांच्या नजरेखाली धुरंधरांची रेषा घडली. १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांस मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय चित्रकार होत.

ज्या संस्थेत ते शिकले तिथेच शिक्षक झाले, पुढे मुख्याध्यापक झाले आणि निवृत्तीपूर्वी काही काळ संचालकपदाचा कार्यभारही त्यांनी सांभाळला. जानेवारी १९३१ मध्ये त्यांनी संस्था सोडली. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रास त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे नाव दिले, ते अगदी हिशेबाचे आहे.

सरकारी नोकरी आणि वर्गातील शिकवणे सांभाळून या गृहस्थांनी किती कागद रंगवले, हे पाहिले म्हणजे मन थक्क होते. मुंबईच्या रस्त्यातील कोळीण, पारशी, फेरीवाला यांची टिपणे ते वह्यांत करीत आणि तीच माणसे पुढे त्यांच्या पोस्टकार्डांवर व पुस्तकांत अवतरत. एडवर्ड्‌स यांचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तक १९१२ साली निघाले. रॉथफेल्ड यांचे ‘विमेन ऑफ इंडिया’ १९२० साली. या दुसऱ्या पुस्तकात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रे आहेत. प्रांताप्रांतांतील आणि जातीजातींतील स्त्रियांचे पोशाख व दागिने त्यांत काळजीपूर्वक नोंदलेले आढळतात. गुजराती ‘वीसमी सदी’ मासिकालाही त्यांनी चित्रे पुरविली.

त्यांची मोठी ऐतिहासिक चित्रे अधिक नावाजली गेली. औंधच्या संग्रहालयात ती पाहावयास मिळतात. मला मात्र त्यांतील दरबार काहीसे नाटकातल्यासारखे वाटतात. धुरंधरांचा खरा जीव लहान पानावर रमला, असे माझे मत आहे. पुस्तकाच्या पानावर चित्राला जागा थोडी, आणि छपाईत रंगांचा नाजूकपणा कमी होतो. अशा वेळी आकृती रेषेनेच उभी राहिली तर राहते. तशी रेषा त्यांच्या हाती होती.

कहाण्यांचे पुस्तक प्रथम जाणार होते विलायतेतील मुलांच्या हाती. लुगड्याचा काचा चुकला असता, किंवा भांड्याचा घाट भलताच काढला असता, तरी तेथे कोणाच्या लक्षात आले नसते. परंतु धुरंधरांनी ती सवलत घेतली नाही. त्यांच्या चित्रांतील बायका आपल्याच घरांतल्या वाटतात, आणि देवही आपल्या अंगणात उतरल्यासारखे दिसतात. महादेवाचे देऊळ दुधाने भरू इच्छिणारा सोमवारच्या कहाणीतला राजा इंग्रजी भाषेत बोलू लागला, तरी त्याचा मुलूख बदलला नाही, याचे श्रेय भाषांतरकाराइतकेच चित्रकाराचेही आहे.

धुरंधर १ जून १९४४ रोजी निधन पावले. त्यांची कन्या अंबिकाबाई वडिलांच्याच संस्थेत शिकून चित्रकार झाल्या. त्यांनी ‘माझी स्मरणचित्रे’ या पुस्तकात आपल्या आठवणी लिहिल्या आहेत. किंकेडांच्या पुस्तकावरील हक्कांची मुदत केव्हाच संपली असून आता ते संगणकावर विनामूल्य उघडता येते. इंग्रजी सोपे आहे. वरच्या वर्गातील मुलांनी नागोबाच्या कहाणीपासून आरंभ करावा.