सायकलच्या दुकानातून कारखान्याकडे : लक्ष्मणराव किर्लोस्कर

विद्यार्थी मित्रांनो, देवासला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. या मोठ्या नावाची सुरुवात मात्र बेळगावातल्या एका लहानशा सायकल-दुकानातून झाली. ते दुकान उभे करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची ही ओळख.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा त्यांचे मन चित्रांत आणि यंत्रांत अधिक रमे. थोरले बंधू रामूअण्णा यांच्या मदतीने ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला गेले. तेथे एक विचित्र अडचण उभी राहिली. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत, असे लक्षात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तिथेच संपले. पण ते रडत बसले नाहीत. ज्याला रंग लागत नाहीत, असे यांत्रिक रेखाटन त्यांनी शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळवली.

त्या काळी सायकल हे अगदी नवे वाहन होते. दोन्ही चाके सारखी आणि मागचे चाक साखळीने फिरणारी रोव्हर सायकल इंग्लंडात १८८५ साली निघाली. डनलॉप यांनी हवा भरलेला टायर १८८८ साली काढला. सायकली परदेशातून येत आणि सामान्य माणसाला परवडत नसत. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत आणि रामूअण्णा त्या बेळगावात विकत. गिऱ्हाइकाला सायकलवर बसायलाही तेच शिकवीत. किर्लोस्कर कंपनी आपली सुरुवात १८८८ सालापासूनच मोजते.

पुढे नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. महिन्याचा ठरलेला पगार सोडून हात काळे करायचे, हा निर्णय सोपा नव्हता. सायकल दुरुस्त करताना माणूस पुष्कळ शिकतो. साखळी का उतरते, चाक वाकडे का फिरते, छऱ्यांना तेल नसेल तर काय झिजते, हे उघडल्याशिवाय कळत नाही. लक्ष्मणराव परदेशी तांत्रिक मासिके वाचीत, त्यांतली चित्रे समजून घेत आणि स्वतः करून पाहत. अशा रीतीने दुरुस्तीकडून ते निर्मितीकडे वळले. आधी कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग लोखंडी नांगर.

नांगर तयार झाला, पण घेणार कोण? लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती वाटे. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. तेवढ्यात बेळगावात कारखान्याची जागाही सोडावी लागली. अशा वेळी औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान आणि दहा हजार रुपये कर्ज दिले. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. पुढे पंप निघाले आणि १९४६ साली पुण्यात तेल-इंजिनांचा कारखाना सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीला, १९६९ साली, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

आता पालकांशी थोडे बोलायचे आहे. मुलगा किंवा मुलगी अंगणात जुनी सायकल उघडून बसली, तर हात काळे झाले म्हणून लगेच रागावू नका. घराचा एक कोपरा द्या. तिथे भरपूर उजेड आणि मोकळी हवा असावी, जमीन सपाट असावी. पाने, पक्कड, पेचकस, कानस आणि एक व्हाइस एवढ्यावर सुरुवात होते. प्रत्येक हत्याराची जागा भिंतीवर आखून ठेवावी आणि काढलेले नट-बोल्ट डब्यात क्रमाने ठेवावेत. काही नियम मात्र मोडायचे नाहीत. पेट्रोलजवळ आग नको. जळके तेल नाल्यात किंवा मातीत ओतू नये. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली मोठ्यांनीसुद्धा कधीही शिरू नये. आधी भक्कम स्टँड लावावा. लहान मुलांनी तर मोटारीच्या कामाला मोठ्यांशिवाय हातच लावू नये.

मित्रांनो, रंग ओळखता न येणाऱ्या मुलाने रेघांतून वाट काढली. तुमच्या घरी सायकल असेलच. या रविवारी तिची साखळी स्वच्छ करून तेल घाला आणि ती का फिरते, ते नीट पाहा.