डॉ. भाभा आणि कसोटीची परंपरा

डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव निघाले की सर्वसामान्य सुशिक्षिताच्या डोळ्यांपुढे ट्रॉम्बेची अणुभट्टी उभी राहते. ते स्वाभाविकही आहे. तथापि त्यांच्या कर्तृत्वाचे एक फळ त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ अर्धशतकाने अवकाशात पोहोचले, याची जाणीव फारच थोड्यांना असते.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. मुलाने केंब्रिजहून अभियंता होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, ही घरच्यांची इच्छा. अभियांत्रिकीची परीक्षा त्यांनी प्रथम वर्गात उत्तीर्ण केली. मन मात्र पदार्थविज्ञानात रमले. १९३७ साली हाइटलर यांच्यासमवेत त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाची उपपत्ती मांडली आणि तरुण वयातच त्यांची कीर्ती पसरली. १९३९ मध्ये सुटीसाठी ते मायदेशी आले असता महायुद्ध पेटले. परतीची वाट बंद झाल्याने ते बंगलोरच्या विज्ञानसंस्थेत विश्वकिरणांचे संशोधन करू लागले.

परतणे शक्य झाले तेव्हा मात्र ते गेले नाहीत. मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची योजना मांडली आणि १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था अस्तित्वात आली. सिद्धान्ताबरोबर उपकरणेही येथेच घडली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी लागणारे प्लॅस्टिकचे प्रचंड फुगे संस्थेतच तयार होऊ लागले, ते याच आग्रहापोटी. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघाताने ही कारकीर्द अकाली संपली.

संस्था मात्र थांबली नाही. १९६८ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यातून क्ष-किरण दुर्बीण आकाशात गेली. भुईगावच्या किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला तारे दिसतात, पण ताऱ्यांचे क्ष-किरण तेथवर पोहोचत नाहीत. वातावरण ते वाटेतच गिळते. सौम्य क्ष-किरणांसाठी तर फुग्याची उंचीही अपुरी पडते, उपग्रहच हवा. शिवाय या किरणांचा आरसाही निराळा. किरण समोरून आदळले तर आरशातच शिरतात. अगदी तिरपे, पृष्ठभागाला घासून गेले तरच ते परावर्तित होतात. म्हणून कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे आरशांची कवचे एकात एक बसवावी लागतात.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी अवकाशात गेलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरील सौम्य क्ष-किरण दुर्बिणीसाठी असे ३२० आरसे याच संस्थेत तयार झाले. पातळ ॲल्युमिनियमवर सोन्याचा थर, अशी त्यांची घडण. तिचा कॅमेरा इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाच्या साहाय्याने सिद्ध झाला. स्वावलंबन म्हणजे जगाशी फारकत नव्हे, हे केंब्रिजमध्ये वाढलेल्या भाभांनाही मान्य झाले असते.

अशा दुर्बिणीत आरसा घडवण्याइतकेच त्याची पारख करणे कठीण असते. पृष्ठभाग किती गुळगुळीत, किरण एका बिंदूत कितपत एकवटतात, कोणत्या ऊर्जेचे किती किरण हाती लागतात, हे सारे उड्डाणापूर्वी तपासावे लागते. कारण वर गेलेल्या आरशाला पुन्हा हात लावता येत नाही. वर गेल्यावरही, वजनमापे निरीक्षक दुकानातील वजने प्रमाण वजनाशी ताडून पाहतो त्याप्रमाणे, परिचित खगोलीय स्रोतांकडे दुर्बीण वळवून तिची मापे पडताळतात. ती कसोटी झाली नाही, तर अब्जावधी मैलांवरून आलेला प्रकाशही निव्वळ अंदाज ठरेल.

पाच वर्षांच्या अपेक्षेने पाठवलेल्या या उपग्रहाने त्याहून अधिक काळ काम दिले. हिशेबाच्या वहीत कसोटीवरचा खर्च नेहमीच अनुत्पादक दिसतो. त्यातून वस्तू निघत नाही, उद्घाटनही होत नाही. निघतो तो केवळ विश्वास, आणि त्याला किंमत लावण्याचा रकाना अंदाजपत्रकात नसतो. तो खर्च वर्षानुवर्षे निमूटपणे सोसणारी संस्था उभी करणे हे भाभांचे खरे धाडस होय. आज महाविद्यालयीन प्रयोगशाळांत अपेक्षित उत्तर आधी लिहून निरीक्षणे मागाहून जुळवली जात असतील, तर त्यांच्या जयंतीला हार घालण्यापूर्वी त्या वह्या एकदा उघडून पाहाव्यात. भाभांची परंपरा टिकली की खंडित झाली, याचा निर्णय तेथेच लागेल.