लक्ष्मीबाई टिळक

नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या मनकर्णिका गोखले यांच्या माहेरी सोवळ्याचा अतिरेक होता. बाजारातून आणलेले मीठसुद्धा वडील धुऊन घेत. अकराव्या वर्षी विवाह होऊन त्या लक्ष्मीबाई टिळक झाल्या. पती नारायण वामन टिळक बुद्धिमान, कवी आणि कमालीचे लहरी.

राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पदरी लहानगा दत्तू घेऊन लक्ष्मीबाई काही वर्षे नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पती जिवंत असून अंतरलेला! त्या काळच्या स्त्रीला याहून कठीण प्रसंग कोणता असणार?

पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे. एकाच संसारात दोन धर्म नांदू लागले. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम ध्यानी घेण्याजोगा आहे. श्रद्धेने आधी स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडला, देवळाचा नंतर.

दुष्काळातील अनाथ मुले टिळकांच्या घरी आली. ज्यांच्या सावलीचाही एके काळी विटाळ मानला असता, त्यांना लक्ष्मीबाईंनी न्हाऊमाखू घातले, जेवू घातले. प्लेगच्या दिवसांत त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. हाती आलेला पैसा वाटून टाकण्याची टिळकांची वृत्ती. उद्याच्या पिठाची चिंता मात्र लक्ष्मीबाईंची. परोपकाराची कीर्ती बहुधा देणाऱ्याला मिळते, पीठ मळणाऱ्या हातांची नोंद क्वचितच होते.

९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केले. मुलाच्या आग्रहाने त्या आठवणी लिहू लागल्या. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यात उपदेश शोधूनही सापडत नाही. आपल्या फजितीवर त्या मनमुराद हसतात, वडिलांच्या सोवळ्याकडेही कडवटपणाने पाहत नाहीत. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे देहावसान झाले. चर्चची पायरी कधीही न चढलेल्या असंख्य मराठी घरांत ते पुस्तक आजही आवडीने वाचले जाते.