विश्लेषण : तीनदा ‘पॅरिस-रुबे’ जिंकणारा ऑक्टाव्ह लापीझ कोण होता? एका दिवसाच्या शर्यतीत वेगळे काय असते?

सायकल शर्यत म्हटली की आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यत आणि बोरघाटात ठरणारा ‘घाटाचा राजा’ आठवतो. जगात मात्र नाव निघते ते टूर डी फ्रान्सचे. या टूरमधील सर्वांत गाजलेला घाट म्हणजे टूरमाले. १९१० मध्ये शर्यत पहिल्यांदा तिथे पोहोचली, तेव्हा माथ्यावर सर्वांत आधी आलेला सायकलपटू होता ऑक्टाव्ह लापीझ. पण लापीझ मूळचा घाटाचा नव्हे, तर एका दिवसाच्या शर्यतींचा खेळाडू होता. त्याची कारकीर्द जेमतेम सहा-सात वर्षांची. वयाच्या २९व्या वर्षी पहिल्या महायुद्धात त्याचा मृत्यू झाला.

एका दिवसाची शर्यत म्हणजे काय?

टूर डी फ्रान्समध्ये अनेक दिवस, अनेक टप्पे असतात. आज मागे पडलेला खेळाडू उद्या भरपाई करू शकतो. एका दिवसाच्या शर्यतीत ‘उद्या’ नसतो. सकाळी निघायचे आणि संध्याकाळपर्यंत निकाल. पंक्चर झाले, पडलात, चुकीच्या क्षणी दम संपला, तर थेट पुढच्या वर्षीच संधी.

अंतरही थोडेथोडके नसते. पुण्याहून शिक्रापूर, अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगर साधारण २३५ किलोमीटर आहे. १९१० ची पॅरिस-रुबे शर्यत त्याहूनही लांब, २६६ किलोमीटरची होती. तीही उत्तर फ्रान्समधल्या दगडी फरसबंदीच्या रस्त्यांवरून. त्या दगडांवर हँडल धरून ठेवणे हीच मोठी कसरत असते.

लापीझने काय जिंकले?

लापीझचा जन्म २४ ऑक्टोबर १८८७ चा, पॅरिसमधला. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने ट्रॅकवरील १०० किलोमीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. पुढच्याच वर्षी तो पॅरिस-रुबे जिंकला. १९१० आणि १९११ मध्येही तोच पहिला आला. सलग तीन वर्षे ही शर्यत जिंकणारा तो पहिला खेळाडू. त्याची बरोबरी व्हायला १९८० साल उजाडावे लागले. ती इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने केली.

१९११ हे लापीझचे सर्वोत्तम वर्ष. पॅरिस-रुबे, पॅरिस-टूर्स, पॅरिस-ब्रसेल्स आणि फ्रान्सचे राष्ट्रीय अजिंक्यपद, असे चारही किताब त्याने एकाच वर्षात घेतले. पॅरिस-ब्रसेल्स आणि राष्ट्रीय अजिंक्यपद त्याने १९१२ आणि १९१३ मध्येही राखले. त्याच्याकडे दोन गोष्टी होत्या. दिवसभर पुढच्या गटात टिकण्याची ताकद आणि ट्रॅकवर घोटून घेतलेला शेवटचा वेग.

टूरमालेवर काय घडले?

२१ जुलै १९१०. लुशाँ ते बायोन हा ३२६ किलोमीटरचा टप्पा, वाटेत पिरेनीज पर्वतातील पेरसूर्द, आस्पँ, टूरमाले आणि ओबिस्क हे घाट. टूरमालेची उंची २११५ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा सुमारे साडेचारशे मीटर जास्त. रस्ते कच्चे, खडीचे.

आजच्या सायकलला चढावर हलका गिअर टाकता येतो. वेग कमी होतो, पण पायावरचा भार हलका होतो. टूरमध्ये गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर पेडल आणि चाक यांचे गुणोत्तर ठरलेले असे. सपाटीला योग्य असलेले गुणोत्तर चढावर अंगावर येई. त्यामुळे लापीझला टूरमालेवर काही अंतर उतरून सायकल ढकलावी लागली. गुस्ताव्ह गारिगू मागून आला, पण न उतरता चढला. त्याबद्दल त्याला वेगळे बक्षीस मिळाले.

घाटात लापीझने आयोजकांवर संताप काढला आणि त्यांना खुनी म्हटले, ही गोष्ट सायकलविश्वात आजही सांगितली जाते. पण तो थांबला नाही. १४ तासांहून अधिक वेळ सायकल चालवून त्याने तो टप्पा जिंकला.

मग टूरही जिंकली का?

हो. तेव्हा निकाल वेळेवर नव्हे, गुणांवर लागत असे. टप्प्यात पहिला आलेल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन. ज्याचे एकूण गुण सर्वांत कमी, तो विजेता. लापीझचे ६३ गुण झाले, तर आदल्या वर्षीचा विजेता आणि त्याच्याच संघातील फ्रांस्वा फाबेरचे ६७.

लापीझ सहा वेळा टूरमध्ये उतरला. पूर्ण केली ती फक्त एकदा, आणि तीच जिंकली. १९१२ मध्ये बेल्जियमचे खेळाडू संघ वेगवेगळे असूनही एकमेकांना मदत करतात, असा आरोप करत त्याने शर्यत सोडली. अन्याय वाटला की तो मुक्कामापर्यंत वाट पाहत बसत नसे. चार आठवडे हिशेब जुळवत राहण्यापेक्षा एकाच दिवशी सारे पणाला लावणे त्याच्या स्वभावाला मानवणारे होते.

शेवट कसा झाला?

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि लापीझची कारकीर्द तिथेच संपली. तो सैन्यात गेला, पुढे लढाऊ वैमानिक झाला. १४ जुलै १९१७ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, ईशान्य फ्रान्समध्ये त्याचे विमान पाडण्यात आले. त्यातच त्याचा मृत्यू झाला. फाबेर १९१५ मध्येच आघाडीवर मारला गेला होता. १९०७ आणि १९०८ चा टूर विजेता लुसियाँ पेती-ब्रेताँ हाही १९१७ च्या अखेरीस लष्करी सेवेत असताना अपघातात गेला. टूरचे तीन विजेते युद्धाने नेले.

पॅरिस-रुबेला आज ‘उत्तरेचा नरक’ म्हणतात. अनेकांना वाटते, हे नाव दगडी रस्त्यांमुळे पडले. प्रत्यक्षात ते १९१९ चे आहे. युद्धानंतर शर्यतीचा मार्ग पाहायला गेलेल्यांना झाडे, घरे, रस्ते काहीच शिल्लक दिसले नाही, तेव्हा ते रूढ झाले. लापीझने ही शर्यत तीनदा जिंकली तेव्हा तिथे फक्त खडतर रस्ता होता. नरक नंतर झाला, आणि तो ज्या युद्धाने केला त्यानेच लापीझलाही नेले.