बाळंतपण बापाचे

अ‍ॅडलेडच्या दक्षिणेला समुद्रकाठी रॅपिड बे नावाचे एक छोटेसे गाव आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मुलाकडे ऑस्ट्रेलियाला गेलो होतो, तेव्हा एका रविवारी त्याने मला तिथल्या लांबलचक धक्क्यावर आणून बसवले आणि स्वतः पाठीवर हवेचे नळकांडे बांधून, कॅमेरा घेऊन पाण्यात उतरला. मी थर्मासमधला चहा पीत बसलो. तासाभराने तो वर आला आणि ओल्या हातानेच त्याने मला कॅमेऱ्याचा पडदा दाखवला. मला शेवाळाचा एक पिवळट झुबका दिसला. मग त्या झुबक्याला डोळा असल्याचे ध्यानात आले.

हा लीफी सीड्रॅगन. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याखेरीज जगात कुठे सापडत नाही. जेमतेम फूटभर लांब, अंगाला पानांसारखे पापुद्रे. पोहतो इतक्या सावकाश की, पाण्याच्या हेलकाव्यावर शेवाळच डुलते आहे असे वाटावे. त्याच्या शेपटीच्या खालच्या अंगाला गुलाबीसर दाणे चिकटलेले होते. ती अंडी, आणि हा नर, असे मुलाने सांगितले. मादी नराच्या शेपटीवर सुमारे अडीचशे अंडी लावते आणि मोकळी होते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत तो ओझे बापाने वाहायचे. याचा भाऊबंद असलेला समुद्री घोडा तर त्याच्याही पुढे गेलेला. त्याच्या पोटावर पिशवीच असते. पिल्ले तिच्यात वाढतात आणि बापाला अक्षरशः कळा येऊन तो बाळंत होतो.

हे बाळंतपण पडद्यावर आणून सामान्य माणसाला दाखवणारा गृहस्थ फ्रेंच होता. झां पँलव्हे त्याचे नाव. परत आल्यावर मी त्याच्या नादी लागलो तो अजून सुटलेलो नाही.

जन्म १९०२ चा, पॅरिसचा. बाप पॉल पँलव्हे मोठा गणिती. १९०८ मध्ये विल्बर राइटच्या शेजारी बसून त्याने विमानातून फेरी मारली होती, आणि पुढे १९१७ व १९२५ असा दोनदा तो फ्रान्सचा पंतप्रधान झाला. आई मात्र झांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, बाळंतपणाच्या दुखण्यानेच गेली. आत्याने त्याला वाढवले. बापाचे गणित त्याने करून पाहिले, सोडले. वैद्यक धरले, तेही सोडले. शेवटी प्राणिशास्त्रात स्थिरावला. ब्रिटनी प्रांतातल्या रोस्कॉफच्या सागरी संशोधन केंद्रात त्याला झनव्हिएव्ह आमाँ भेटली. ती त्याची जन्माची जोडीदारीण झाली. प्राणी गोळा करण्यापासून चित्रीकरणापर्यंत सगळ्यात तिचा हात असे, आणि पुढच्या काही चित्रपटांवर दिग्दर्शक म्हणून दोघांची नावे लागली.

त्याचा पहिला चित्रपट स्टिकलबॅक नावाच्या माशाच्या अंड्यावरचा. या माशातही घरटे बांधणारा आणि अंड्यांची राखण करणारा नरच, हे मला नंतर कळले आणि जरा चमकायला झाले. १९२८ मध्ये विज्ञान अकादमीच्या सभासदांपुढे तो दाखवला गेला, तेव्हा एक विद्वान संतापून उठून गेले. सिनेमा म्हणजे करमणुकीचा धंदा, त्याचा शास्त्राशी संबंध काय, असा एकूण सूर. इकडे पँलव्हेला मात्र तीच गंमत वाटत होती. शास्त्रज्ञांनी त्याला नट्यांच्या पंगतीला बसवले आणि सिनेमावाल्यांनी प्रयोगशाळेत. तो दोन्हीकडे जेवून आला.

समुद्री घोड्याचा चित्रपट १९३४ साली पुरा झाला. आज माझा मुलगा बोटभर कार्डावर शेकडो फोटो घेऊन येतो. पँलव्हेचा कॅमेरा काच लावलेल्या जलरोधक पेटीत बंद केलेला, आणि त्यात फिल्म मावायची ती काही सेकंदांची. ती संपली की वर यायचे, नवी भरायची, पुन्हा खाली जायचे. तोवर तो घोडा तिथे कशाला थांबतो! पाठीवर हवा नाही. तोंडात नळी, नळीचे दुसरे टोक होडीतल्या पंपाला, आणि पंपाचे चाक फिरवायला खलाशी. एकदा अटलांटिक किनाऱ्यावरच्या आर्काशोंच्या उपसागरात हवा येईनाशी झाली. जीव घेऊन तो वर आला तर चाक कोणत्या वेगाने फिरवावे यावरून दोघा खलाशांचे भांडण जुंपलेले. चाकावरचा हात मात्र दोघांनीही काढला होता.

बाळंतपणाचा प्रसंग भर समुद्रात मिळणे शक्यच नव्हते. तो टाकीतल्या घोड्यांवर घ्यायचा ठरला. पण घोडा वेळ थोडाच कळवतो? पँलव्हे दिवसरात्र कॅमेऱ्याला चिकटून बसला. डोळा लागू नये म्हणून त्याने डोक्यावरच्या टोपीला अशी युक्ती केली होती, की मान कलली रे कलली की विजेचा बारीकसा झटका बसावा.

इथे मला थोडे थांबावे लागते. माझा मुलगा जन्मला त्या रात्री मीही जागाच होतो, पण शाखेत. ३० सप्टेंबर, सहामाही अखेर. साडेचार रुपयांचा फरक सापडत नव्हता. तो सापडला तेव्हा उजाडले होते, आणि दवाखान्यातून आलेला निरोप शिपायाने लेजरवर ठेवून दिला होता. मी मोठ्या अभिमानाने ही हकीकत पंचवीस वर्षे सांगत होतो. टोपीची गोष्ट वाचल्यावर सांगणे बंद केले.

चित्रपट जेमतेम पंधरा मिनिटांचा. संगीत दारियस मिलोचे. नराचे शरीर आखडते, पिशवीचे तोंड उघडते, नखाएवढी पिल्ले एकेक करून पाण्यात फेकली जातात, आणि त्या प्राण्याच्या गरगर फिरणाऱ्या डोळ्यांत वेदना दिसते असे पाहणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. शेवटी पँलव्हेने घोड्यांच्या शर्यतीवर हे समुद्री घोडे पोहताना दाखवले आहेत. त्याला चावटपणा आवडे. पण विषय त्याने चावटपणाने निवडला नव्हता. बापाची माया दाखवावी, आईवाचून चालत नाही हेही सांगावे आणि स्त्रीपुरुषांतला तोल थोडा सावरावा, असा आपला हेतू असल्याचे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. आपल्या जन्मापायी जिचा जीव गेला तिच्याविषयी तो यात काही बोलत नाही. मला मात्र त्या पंधरा मिनिटांत ती सारखी दिसत राहते. त्याचा बाप चित्रपट पुरा व्हायच्या आधीच, १९३३ च्या ऑक्टोबरात गेला. राष्ट्राने त्याला पाँथेऑमध्ये जागा दिली.

चित्रपट चालला. समुद्री घोड्याच्या आकाराचे दागिने पॅरिसमध्ये फॅशन म्हणून आले. १९३५ मध्ये पँलव्हेने नौदलातल्या इव्ह ल प्रिअरबरोबर पाणबुड्यांची एक संघटना काढली. ल प्रिअरने पाठीवर हवा वाहून नेण्याचे साधन बनवले होते, म्हणजे खलाशांच्या भांडणातून सुटका. पुढचे आयुष्य भरगच्च आहे. महायुद्ध सरता सरता तो काही महिने फ्रान्सच्या चित्रपट खात्याचा प्रमुख होता. मग पुन्हा वटवाघळे, कोळंबी, ऑक्टोपस. लहानमोठे मिळून दोनशेच्या वर चित्रपट केले आणि १९८९ च्या जुलैत तो वारला.

२०२५ साली रॅपिड बेच्या त्या किनारपट्टीवर विषारी शैवालाची साथ पसरली आणि मेलेले सीड्रॅगन वाळूवर येऊन पडू लागले. मुलाचा फोन आला तेव्हा त्याला नीट बोलता येईना. आपण पाहिलेला तो त्यांत होता की नव्हता, हे कळायला मार्ग नाही.

त्याने काढलेला फोटो मी मोठा करून भिंतीला लावला आहे. सौभाग्यवतींना त्यात बरेच दिवस शेवाळच दिसत होते. परवा मी शेपटीवर बोट ठेवून अंडी दाखवली, तेव्हा त्यांनी चष्मा आणून ती मोजायला घेतली.